लेकीच्या घरचा चहा

गाव सोडलं त्या दिवशी जीप सुटायच्या आधी मी तीनदा खाली उतरलो. एकदा घराचं कुलूप ओढून बघायला. एकदा पाण्याच्या टाकीखालचा व्हॉल्व बघायला, जो आता माझ्या ताब्यात नव्हताच. तिसऱ्यांदा कशाला उतरलो ते मलाच ठावं न्हाई. शेवटी जीपवाला वैतागला. म्हणला, "आबा, बसता का राहता? केजात बीडची यष्टी माझ्यासाठी थांबत न्हाई."

भागवत जीपच्या दाराला धरून उभा होता. तो माझा चौथीपासूनचा जोडीदार. चौथीपासूनचा म्हंजे आमी दोघंबी चौथीतच थांबलो. तो म्हणला, "जा बे. लेकीच्या घरी निवांत नळाचं पाणी पी. इथं आता तुला शिव्या घालायला बी कोणी उरलं न्हाई." हसला, पण हसताना तोंड दुसरीकडं केलं.

शिव्यांचं असं हाय की तीस वर्ष मी गावच्या नळाला पाणी सोडायचं काम केलं. आठ दिवसाला एकदा पाणी. ज्या आळीला दहा मिनिटं कमी गेलं ती आळी माझ्या सात पिढ्या काढायची. आता तसली शिवी ऐकायला कान तरसतात.

माझ्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता. कपड्याचं गाठोडं जीपच्या टपावर टाकलं, डबा टाकला न्हाई. त्यात संगीच्या मायनं, म्हंजे माझ्या बायकोनं, बांधून ठेवलेल्या पुरचुंड्या होत्या. सुंठ, मिरी, ओवा, बडीशेप, वाळवलेला गवती चहा, तुळशीच्या मंजिऱ्या. तिला जाऊन चाळीस दिवस झालते. लुगडी बहिणींनी वाटून घेतली. डबा मी कुणाला हात लावू दिला न्हाई.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, अन् माझ्यासारखं म्हातारपणी गाव सोडून लेकाकडं, लेकीकडं गेलेत त्यांच्यासाठी बी. अक्षर वाकडं हाय. सत्तरी उलटलेल्या माणसानं भ्या वाटतं म्हणायची लाज असती, पण मला जीपमधी बसल्यापासून भ्या वाटत होतं, अन् त्या दिवसापासून ते काय गेलं न्हाई. पहिल्यांदा वाटलं नव्या जागेचं असंल. तसं नव्हतं.

आधी चहाचं सांगतो, म्हंजे पुढचं ध्यानात येईल.

पाणी सोडून घरी आलो की माझं डोकं तापलेलं असायचं. वरच्या आळीच्या बाया, "खालच्या आळीला दीड तास अन् आमाला एक तास कावून? तुझी सासुरवाडी हाय का तितं?" असं कायबाय बोललेल्या असायच्या. संगीची माय काय इचारायची न्हाई. एकदा तोंडाकडं बघायची अन् चुलीकडं वळायची. गवती चहाची पाती चुरगाळून टाकायची, पत्ती कमी, दूध जास्त. तो पिला की माझा आवाज खाली यायचा. पाइप फुटला अन् दिवसभर उन्हात खड्ड्यात उभा राहिलो तर त्या दिवशी दुधाचा न्हाई, कोरा. त्यात लिंबू अन् मिठाची कणी. थंडीत पहाटं निघताना सुंठ-मिरीचा, गुळाचा. गूळ भांडं खाली उतरवल्यावर घालायची, न्हाईतर दूध फाटतं. पोटात गुडगुडलं तर ओवा. माझा भाऊ गेला तवा तिनं मला तीन दिवस पत्तीच दिली न्हाई. बडीशेप उकळून त्यात दुधाचा रंग. मी म्हणलो, ह्यो काय चहा हाय का? म्हणली, "पत्ती दिली तर जागं ऱ्हाल, जागं राहिलात तर भिंतीकडं बघत बसाल. प्या अन् पडा."

अन् माझ्यावर रागावली की चहा एकदम फक्कड करायची, पण हातात द्यायची न्हाई. उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. उंबऱ्यावरचा कप बघून मला कळायचं की आपलं कायतरी चुकलंय. काय चुकलं ते दोन दिवसांनी कळायचं.

मला वाटायचं चहा म्हंजे चहा. पंचेचाळीस वर्ष मला उमगलं न्हाई की ही बाई माझं तोंड वाचून चहा टाकती. अन् ती सोता कोणता पिती, हे तर मी कधी बघितलंच न्हाई.

शेवटच्या वर्षात ती कोरा प्यायला लागलती. काळा, कडक, गूळ घालून. उभ्या उभ्याच, भिंतीला टेकून. सकाळी एक, दुपारी एक, मग दोन, मग तीन. मी म्हणलो, लई चटक लागली तुला. म्हणली, "त्यानं जरा उभं राहायचं बळ येतं." मी ऐकलं अन् सायकल काढून टाकीकडं गेलो. एक दिवस म्हणली, "आज तुमी करता का चहा?" मी म्हणलो, मला कुठं येतंय? मी फाट्यावरच्या हॉटेलातनं प्लास्टिकच्या पिशवीत चहा बांधून आणला. तिनं कपात वतून पिला अन् म्हणली, "लई झ्याक केलाय हो हॉटेलवाल्यानं." तो चहा कसला असतो ते तुमाला ठावं हाय. तीन दिवस मी पिशवीतनं चहा आणला अन् तीन दिवस ती झ्याक म्हणली.

चौथ्या दिवशी तिला आंबाजोगाईला न्यावं लागलं. तितल्या डॉक्टरनं मला इचारलं, दम किती दिवसापासून लागतोय? पायावर सूज कधी आली? उशी न घेता झोप लागती का? मी उभाच. पंचेचाळीस वर्ष एका छताखाली राहिलेला माणूस, मला एकाबी प्रश्नाचं उत्तर आलं न्हाई. डॉक्टर कागदावर लिहीत राहिला. हृदयाची झडप खराब झालती. दोन दिवसात खेळ संपला.

आमाला एकच लेक, संगी. बीडात असती. खाली तिचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. जावई यष्टीत कंडक्टर हाय, आठवड्यातनं चार दिवस मुक्कामी गाडीवर. माणूस चांगला, पण घरात कमी. त्यांना लेकरू झालं न्हाई. बावीस वर्ष झाली.

आता आमच्या आईबापाच्या वेळेपासूनची रीत अशी की लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ न्हाई. मी ती पाळली. शहरातली लोकं हसतील, हसू द्या. संगीला भेटायला जायचो तर संगीची माय घरनं थर्मास भरून घ्यायची, डब्यात भाकरी घ्यायची. केजहून यष्टीत बसून बीडला जायचं, लेकीच्या घरी लेकीच्या खुर्चीवर बसून आपल्या थर्मासातला चहा प्यायचा, अन् सांजच्या गाडीनं परत. संगी काय म्हणायची न्हाई. पण आमी परत फिरल्यावर दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायची न्हाई, हे मला आता शेजारणीकडनं कळलं. आमाला वाटायचं आमी रीत पाळतोय. तिला मात्र आमी दरवेळी थर्मास दाखवून सांगत होतो की तुला लेकरू न्हाई.

बीडला पोचलो त्या दिवशी तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी हात लावला न्हाई. तिनं वाट बघितली अन् म्हणली, "आबा, हितं राहायचं म्हंजे पाणी कुठलं पिणार? गावाहून टँकर मागवू का?" तीस वर्ष पाणी सोडणाऱ्या माणसाला हे लेकीनं ऐकवलं. मला हसू आलं. संगीची माय गेल्यापासनं पहिल्यांदा हसलो. अन् तांब्या उचलून पाणी पिलो. वरनं तिनं केलेला चहाबी पिलो. रीत मोडली ती अशी, हसता हसता.

पहिले दोन महिने बरे गेले म्हणायचे. गावात चुलीवरचा चहा धुराचा लागायचा, हितं गॅसवर तो दोन मिनिटात होतो अन् त्याला कसलाच वास न्हाई. तितं आठ दिवसाला पाणी, हितंबी तसंच, पण हितं कोणी कुणाला शिव्या घालत न्हाई, मोटारी लावून गपगुमान ओढून घेतात. मला ते बघून बेचैन व्हायचं. जावई कुठनं तरी चहाचं एक रंगीत खोकं घेऊन आले. त्यात धाग्याच्या पुड्या, गरम पाण्यात बुडवायच्या. संगीनं मला वाचून दाखवलं. हिरवी पुडी ताजंतवानं वाटायला, जांभळी शांत झोपेला, पिवळी पचनाला, लाल थकवा घालवायला. मी म्हणलो, हे तुझ्या मायला खोक्याशिवाय येत होतं. संगी म्हणली, "आई आपल्याला काय झालंय ते सांगायची. खोकं थोडंच सांगतंय? हितं आपलं आपल्यालाच वळखावं लागतंय." ती हसत म्हणली, पण मला ते लागलं. आपल्याला काय झालंय हे आपलं आपल्याला कळलं असतं तर संगीची माय आज जिती असती.

मग एक दिवस सकाळी मी बघितलं. संगी ओट्याशी उभी राहून कोरा चहा पीत होती. काळा, कडक. भिंतीला टेकून.

संगीची माय बी अशीच उभी राहायची. दुसऱ्या दिवशी बघितलं, परत तेच. दुकान उघडायच्या आधी दोन कप, जेवल्याबरोबर एक. जिन्यावर चढताना मधीच थांबायची अन् कठड्याला धरून खालच्या कुणाशी बोलल्यासारखं करायची. खाली कोणी नसायचं. ओठ पांढरे पडलते. नखं बी.

आता तुमी म्हणाल, बाप जवळ हाय, इचारायचं होतं. मी इचारलं न्हाई. माझ्या टाळक्यात दुसरंच शिरलतं. मला वाटलं, हे माझ्यामुळं झालंय. मी रीत मोडली. बावीस वर्ष सांभाळलेलं पाणी मी हसण्यावारी पिलो, अन् दोन महिन्यात लेक वाळायला लागली. एकदा हे मनात बसलं की मग जिकडं बघावं तिकडं तेच. तिला खोकला आला तरी मी तांब्याकडं बघायचो.

म्हणून मी तिच्या घरचं पाणी सोडलं. तिला न सांगता. सकाळी उठून मारुतीच्या देवळाजवळच्या नळावर जायचो, तितं पोटभर पाणी पिऊन यायचो. चहा कोपऱ्यावरच्या गाड्यावर. संगीनं कप पुढं केला की म्हणायचो, बाहेर झाला. ती चार दिवस कप भरत राहिली. पाचव्या दिवशी तिनं माझा कप धुऊन फळीवर पालथा घातला. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. तिला वाटलं, आबाला परत आपल्या घरचं नको झालंय. हे नंतर कळलं.

तिच्या घरचं प्यायचं न्हाई, पण तिला करून द्यायला काय हरकत हाय, असं मला वाटलं. माझा डबा होता की. संगीची माय थंडीत, थकव्यात मला सुंठ द्यायची, म्हणून मी संगीला सुंठ-मिरीचा गुळाचा चहा करायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी गूळ शेवटी घातला, जमलं. सकाळ-सांज एक-एक कप, चांगली चमचाभर सुंठ. संगी प्यायची. म्हणायची, "झ्याक झालाय, आबा." तो शब्द ऐकून मी खूश व्हायच्या ऐवजी दचकायला पाहिजे होतं. दचकलो न्हाई.

ती आणखीनच खालावली.

तवा मी नारायणगडावर देवाला गेलो. जीपनं गेलतो. पायरीवर डोकं ठेवलं अन् म्हणलो, पाणी मी पिलोय, शिक्षा मला दे. दुसरं काय मागितलं न्हाई. येताना जरा हलकं वाटत होतं. दुपारचे तीन वाजले असतील. घरी पोचलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली, अन् आत पिको-फॉल करणारी शेजारीण, शकुंतलाबाई, पुठ्ठ्यानं वारा घालत होती. संगी जमिनीवर, डोकं ब्लाउजपीसच्या ढिगावर. तोंड तांदळाच्या धुवणासारखं. करपट वास येत होता. इस्त्री तशीच पालथी राहिलती अन् खालचं कापड जळलतं. शकुंतलाबाईनं बटण बंद केलं म्हणून बरं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई आबा. जरा चक्कर."

"कवापासून येतीय?"

तिनं शकुंतलाबाईकडं बघितलं. त्या बाईनं मान खाली घातली. मला कळलं की हे बायांतलं हाय. अशा वेळी पुरुषानं उठून बाहेर जायचं, हे मला कोणी शिकवलं न्हाई, पण सगळ्यांना येतं. मीबी उठलो. खरं सांगतो, दोन पावलं गेलतो. अन् मला आंबाजोगाईचा तो डॉक्टर दिसला, कागदावर लिहिणारा. संगीचा डॉक्टरबी असंच इचारील. इचारील अन् मी परत तसाच उभा राहीन.

मी माघारी फिरलो, फरशीवर बसलो, अन् सोताच्या लेकीला इचारलं, "अंगावरनं जातंय का तुझ्या?"

पुठ्ठ्याचा वारा थांबला. संगी म्हणली, "आबा!"

"आबा म्हणू नको. सांग."

"तुमाला कोणी सांगितलं?"

"मला कोणी काय सांगत न्हाई, हाच तर वांधा हाय. तू सांग."

तिनं डोळे मिटले. डोळे मिटूनच बोलली. "आठ-नऊ महिने झाले. थांबतच न्हाई. आई होती तवापासून. आई म्हणलती, आपण दोघी डॉक्टरकडं जाऊ. मग आईच गेली. मग कुणाबरोबर जाऊ?"

आठ-नऊ महिने. मी बोटावर मोजलं. परत मोजलं. मी पाणी पिलो त्याच्या आधीपासून. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मग माझ्या पाण्यानं न्हाई?"

"कसलं पाणी?"

मग मी सगळं सांगितलं. देवळाजवळचा नळ, गाडा, नारायणगड. मला वाटलं ती रडंल. ती उठून बसली, चक्कर येत असताना, अन् माझ्याकडं असं बघितलं की तसं तिनं लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं.

"तुमी माझ्या घरचं पाणी पिलात म्हणून मला हे झालं? आबा, बावीस वर्ष पिला न्हाईत, तवा काय मिळालं मला?"

मी ते जळलेलं कापड उचलून त्याची घडी घालायला लागलो.

मग तीच मऊ होऊन म्हणली, "अन् ती सुंठ. आई मला ह्या दिवसात सुंठ घालूच देत नव्हती. उष्ण पडती म्हणायची. तुळस, बडीशेप, एवढंच."

"मग पीत कावून होतीस?"

"तुमी पहिल्यांदा हातानं केलता. न्हाई कसं म्हणू?"

शकुंतलाबाई तोंडाला पदर लावून शटर वर करायला गेली. मी तितंच बसून राहिलो. ह्या घराण्यातल्या बायांना झ्याक म्हणायची सवय कुणी लावली? आमीच लावली.

जावयाला फोन केला. ते गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आले. डॉक्टरीणबाई बरी होती, डोळ्यात बघून बोलणारी. म्हणली, रक्त लई कमी झालंय, अजून महिनाभर असंच गेलं असतं तर अवघड होतं. सुंठेचं मी सोताहून सांगितलं, कारण मला लपवायचं नव्हतं. ती म्हणली, "सुंठेनं एवढं होत नाही, बाबा. पण जेवणावर लगेच कडक चहा पिऊ नका, कुणीच. रक्त वाढवणारं अंगाला लागत नाही त्यानं." म्हंजे संगी थकवा घालवायला जे पीत होती तेच तिला आणखी खाली ओढत होतं. तिच्या मायचं बी तसंच झालं असंल का? मी इचारणार होतो. इचारलं न्हाई. आता त्या उत्तराचं काय करायचं.

रक्ताच्या पिशव्या चढवल्या. मग पोटाचा फोटो काढला तर गर्भाच्या पिशवीत गाठ. पिशवी काढावी लागली. आपल्या भागात पिशवी काढलेल्या बाया किती हायत ते तुमाला ठावं हाय, पण आपल्या लेकीची काढताना दाराबाहेर बसणं निराळं. गाठ तपासायला पाठवली. म्हणले, आठ-दहा दिवस लागतील.

ते दिवस मी कसे काढले ते सांगतो. जावई दवाखान्यात, मी घरी डबा करायला. भाकरी येत न्हाई, खिचडी येती. खिचडी देऊन आलो की रिकाम्या घरात बसायचो. भ्या काय जायना. मी डबा उघडला. ओव्याचा केला, न्हाई. गवती चहाचा केला, न्हाई. बडीशेप उकळली, न्हाई. ते रंगीत खोकं काढलं, एकेक पुडी बघितली. झोपेची होती, थकव्याची होती, पोटाची होती. भ्याची पुडी त्यात नव्हती. अन् मग मला वाटलं, संगीच्या मायनं मला भ्याचा चहा कधी दिला होता का? दिला असंल. संगीच्या जन्माच्या वेळी ती अडली होती, मी बाहेर बसलतो. पण ती तर आत होती, चहा कोण करणार? म्हंजे जवा मला खरंखुरं भ्या वाटलं तवा ती आतच होती. दोन्ही वेळा, संगीच्या जन्माला अन् आंबाजोगाईला. म्हणून तो चहा मला ठावं न्हाई.

शेवटी मी नुसतं गरम पाणी पिलो. लेकीच्या घरचं, नळाचं. दोन तांबे.

नवव्या दिवशी जावयाचा फोन आला. "मामा, साधी गाठ होती. काय न्हाई. ऐकताय ना?" मी ऐकत होतो. ते चारदा हॅलो हॅलो म्हणले अन् फोन ठेवला. त्यांना वाटलं रेंज गेली.

संगी घरी आली. आता मी तिला सकाळी आधी इचारतो. तोंड वाचता येत न्हाई मला, ती इद्या संगीच्या मायबरोबर गेली. म्हणून मी सरळ इचारतो. झोप लागली का? पोटात दुखतंय का? आज उभं राहावंसं वाटतंय का पडावंसं? पहिले आठ दिवस ती लाजायची. मग एकदा म्हणली, "आबा, तुमी पोलिसासारखं इचारता." पण सांगती. मग त्या हिशोबानं मी टाकतो. अंगात बळ नसलं तर पत्ती कमी, दूध जास्त, अन् जेवणानंतर तासभर काहीच न्हाई. चिडली असली तर गवती चहा. चांगली असली तर तीच मला करून देती, अन् तो कप मी नाकारत न्हाई. डॉक्टरीणबाईनं तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय. म्हंजे भ्याला अजून तीन महिने रजा न्हाई.

गावात राहिलेल्या बाप्यांनो, तुमी पारावर हे वाचून हसाल. भागवत तर मोठ्यानं वाचून दाखवील अन् मधीमधी माझी नक्कल करील. करा. पण आज घरी गेल्यावर बघा, तुमचा चहा टाकल्यावर ती सोता कोणता पिती अन् कशाला टेकून पिती. नुसतं बघून भागत न्हाई. इचारा. ती झ्याक म्हणली तर परत इचारा.

मागच्या आठवड्यात मी एका दिवसासाठी गावाकडं गेलतो, घर उघडून झाडायला. कोळिष्टकं काढली, अंगणात पाणी मारलं, चार लोकं भेटली. सांजच्याला भाकरी भागवतकडं खाल्ली अन् आपल्या घरी येऊन पडलो. अन् मला अशी झोप लागली की उन्हं दारात आली तरी जाग न्हाई. भागवत दार बडवत होता. "मेला का काय बे? दार उघड!" मी उघडलं. म्हणला, "एवढी झोप? बीडात झोपू देत न्हाईत का तुला?"

तितं उभ्या उभ्या मला कळलं. बीडात मी झोपतच न्हाई. कूस बदलली तरी कान दुसऱ्या खोलीकडं. ती खोकली का, उठली का, भांडं वाजलं का, न्हाई वाजलं तर कावून न्हाई वाजलं. अन् ज्या घरात मी जन्मलो, ज्या घरात माझी बायको पंचेचाळीस वर्ष वावरली, त्या घरात मी मेल्यासारखा झोपलो. कारण तितं आता ज्याच्यासाठी भ्यावं असं कोणीच उरलं न्हाई. कुलूप, पत्रे, चूल सगळं माझं, पण भ्या न्हाई. अन् भ्या न्हाई म्हंजे घर न्हाई. एवढं साधं हाय ते, पण मला सत्तरीनंतर कळलं.

भागवत म्हणला, "राहा की चार दिवस. हवा चांगली हाय." मी चपला घातल्या अन् पहिल्या जीपनं निघालो. ह्यावेळी एकदाबी उतरलो न्हाई.

बीडला दुकानात शिरलो तर संगी मशीनवर होती. मान वर न करता म्हणली, "कावून आलात लगेच? राहायचं होतं की दोन दिवस."

मी म्हणलो, "करमलं न्हाई."

ते खोटं होतं. लई करमलं होतं, झोपबी गाढ लागलती. पण ते तिला सांगायला माझी जीभ रेटली न्हाई.